साचा

रेवसचा तुळशीराम सुतार लाकडी होड्या बांधायचा. त्याच्या मुलीने, दिपालीने, धक्क्याजवळ फायबरच्या होड्यांची शेड टाकली आणि त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक तिकडे वळलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं.

एका सकाळी दिपालीच त्याच्याकडे आली. "बाबा, मला एक लाकडी होडी पायजे. तुमच्या हातची."

त्याने कारण विचारलं नाही. सागाच्या फळ्या आणल्या, आगीवर शेकून वाकवल्या, फटींत राळेत भिजवलेला कापूस ठासला. होडी तयार झाली त्या दिवशी तो स्वतःच नारळ घेऊन आला.

"पाण्यात कधी सोडायची?"

दिपाली जरा घुटमळली. "ही पाण्यात न्हाय जायची, बाबा. हिच्यावर फायबर चढवून साचा घ्यायचा हाय. मग त्या साच्यातून आमच्या होड्या काढायच्या. आताच्या आमच्या होड्या लाटेवर फार हेलकावतात. तुमच्यासारखा आकार आमच्यात कुणाला जमत न्हाय."

"आणि हिचं काय?"

"साचा सुटताना मोडंल ही."

तुळशीरामने होडीच्या दोन्ही अंगांवरून हात फिरवला. मग नारळ बाजूला ठेवून त्याने पेटीतून रंधा काढला.

"आता काय करताय? झालीय ना ती."

"डाव्या अंगाला जरा फुगवटा राहिलाय," तो म्हणाला. "एका होडीत खपला असता. आता सगळ्यांत उतरंल."