दीड टक्का

"सहा हजार यायला हवे होते. आले तीन. बाकीचे तीन कुठं गेले?"

पावलीकाकांनी हिशेबाची चिठ्ठी काचेखालच्या फटीतून आत सरकवली. मुद्दल चार लाख, दर तीन टक्के, मुदत सहा महिने, आणि खाली दोन सरळ रेघा. लाकडाच्या वखारीत छत्तीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, चुकणार कसा? एकदा पावलीच्या फरकासाठी त्यांनी बँकेत चार हेलपाटे घातले, तेव्हापासून हे नाव पडलं. ते दारात दिसले की सगळ्यांना एकदम काम आठवायचं.

तीन नंबरच्या काउंटरवरची मुलगी नवी होती, म्हणून सापडली. नोकरी पक्की व्हायला तिचे अजून दोन महिने बाकी होते. तिच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्याची बदली काकांच्या एका पत्रानं झाली, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं.

"बघते हं काका," म्हणत तिनं खातं उघडलं.

दर बरोबर होता. व्याजही बरोबर होतं. चूक होती ती त्या चार लाखांत. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर लागतं, आणि मधले चार महिने खात्यात एकच लाख होता. एकाच आठवड्यात तीनदा एकेक लाख काढलेले, चार महिन्यांनी सगळे एकदम परत भरलेले. खातं नवराबायकोच्या नावावर, दोघांपैकी कुणाचीही सही चालायची. काढताना तिन्ही वेळा सही काकूंची होती.

आता यात अवघड ते काय? दोन वाक्यांचं काम. तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर काकांच्या मागे गेली. काकू पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी मान हलवली, अगदी एवढीशी. नको.

"दर कमी केलात की काय?" काकांनी विचारलं.

"पासबुक द्या ना काका, छापून देते."

"घरी राहिलं."

"मग इथं स्क्रीनवर दाखवते."

"चष्मा नाही आणला. आकडे नका दाखवू मला, तोंडानं सांगा. दर कमी केलात ना? मग हो म्हणा की सरळ. बँका करतातच कमी, मला काय ठाऊक नाही?"

मुलीनं पुन्हा एकदा काकूंकडे पाहिलं.

"हो काका. मध्ये दीड टक्का झाला होता. आता परत तीन आहे."

बोलून गेली खरी, पण भिंतीवरच्या फळ्यावर वर्षभर तीनच टक्के होते, शाळेतल्या पोरानंही वाचले असते.

"दीड," काका म्हणाले, सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं. मग मागे वळले. "ऐकलंस? दीड टक्का. मी म्हणत होतो ना, यांचीच काहीतरी भानगड असणार."

काकूंनी जेमतेम "हो" म्हटलं.

"आणि गिऱ्हाइकाला कळवायची पद्धत नाही का तुमच्यात? एक कोरा अर्ज द्या इकडे."

"कसला अर्ज, काका?"

"देता, का साहेबांकडून घेऊ?"

तिनं दिला. तक्रारीपासून पत्ता बदलण्यापर्यंत सगळ्याला बँकेचा तोच एक अर्ज होता. काकांनी त्याची चार पदरी घडी घालून खिशात ठेवला आणि निघाले.

काकू छत्री विसरल्याचं निमित्त करून परत आल्या.

"भाऊ अडला होता गं माझा," त्या कुजबुजल्या. "ह्यांचं नि त्याचं बारा वर्षं बोलणं नाही. सगळे परत दिलेत त्यानं. पण तेव्हापासून घास उतरत नाही बघ घशाखाली. ह्यांना कळलं तर..."

"काकू, माझी नोकरी जाईल यात."

काकूंनी नुसते हात जोडले आणि गेल्या. मुलीला त्यांचा संतापच आला. भाऊ त्यांचा, नवरा त्यांचा, आणि मान हिची सुरीखाली. घरभाडं हिच्या पगारावर चालत होतं, त्याचं काय?

पुढचे आठ दिवस तिचे वाईट गेले. साहेबांना आधीच सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवायची. पण सांगायचं तर काकूंचं नाव घ्यावं लागणार, मग साहेब काकांना बोलावणार, आणि झालंच कल्याण. दार वाजलं की ती दचकायची. एकदा शंभराच्या जागी पाचशेची नोट देऊन बसली. घरी आईनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसली.

नवव्या दिवशी काका आले. एकटेच. हातात तो अर्ज, तशीच चार पदरी घडी.

ती उठून उभी राहिली. "काका, साहेबांकडे देण्याआधी एकदा माझं ऐकून घ्या."

"साहेबांचं काय काम? हे तुझ्याकडेच द्यायचं आहे."

तिनं घडी उलगडली. तक्रारीची चौकट कोरी होती. खूण होती ती खालच्या एका ओळीवर, मोबाईल नंबर बदलण्याच्या. जुना नंबर काकांचा. नवा काकूंचा.

"हे कशाला, काका?"

काका काचेजवळ वाकले. आवाज इतका खाली आणला की शेजारच्या काउंटरवरही ऐकू जाऊ नये.

"पैसे काढले की बँकेचा मेसेज माझ्या मोबाईलवर येतो, बाळ. मागं तिन्ही वेळा आला. यापुढं तिचे तिलाच जाऊ देत."