बारा अंशांची प्रार्थना

"मावशी, कोटाच्या आत काय घातलंय?"

मारियुन बाकावरची आपली उशी सारखी करत होती. तिने मान वर केली. "पोरी, पंचावन्न वर्षं संसार केला. नवऱ्यानंसुद्धा हे भर चर्चमध्ये कधी विचारलं नाही."

मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी खोकल्याच्या निमित्ताने हसून घेतलं.

विचारणारी सुन्नुवाही हसली, पण पेन्सिल तिने खाली ठेवली नाही. तिच्या मांडीवर तक्ता होता. कुठला कपडा अंगाची किती ऊब धरून ठेवतो, त्याचे आकडे. त्यांची बेरीज करायची आणि एवढ्या कपड्यांत माणूस किती थंडीपर्यंत सुखाने बसेल ते काढायचं, हे तिचं राजधानी तोर्सहाव्नच्या कचेरीतलं रोजचं काम. पण डोळ्यांना दिसतो तो कोट. फेरो बेटांवरच्या बायका खरी लोकर आतच घालतात. विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बंडी," मारियुन अखेर म्हणाली. "घरच्या मेंढीची, माझ्या हातची. तिच्यावर दुसरी बंडी. मग स्वेटर. खाली लोकरीचा परकर. याच्या पुढं विचारलंस तर उठून जाईन."

"पुढचं अंदाजानं लिहिते."

"लिही की. आणि जरा सैल हातानं लिही."

असं ती का म्हणाली, ते चर्चमधल्या एकोणीस जणांना ठाऊक होतं. दोनशे वर्षांचं लाकूड ते. मागच्या हिवाळ्यात हीटर जरा जास्त चालला आणि वेदीपुढच्या कोरीव फळीला हातभर चीर गेली. तेव्हापासून आत बारा अंशांच्या वर जायचं नाही, असा जुन्या चर्चची देखभाल पाहणाऱ्या मंडळाचा हुकूम होता. बारा अंशांत माणसं सुखाने बसू शकतात असा कागद सुन्नुवाने दिला, तर चर्च हिवाळाभर उघडं राहणार. नाहीतर ईस्टरपर्यंत कुलूप, आणि रविवारी सगळ्यांनी बसने बोगद्यापलीकडच्या नव्या चर्चला जायचं.

"तिथं मोठा ऑर्गन आहे," मारियुन सांगत होती. "तोच गातो. माणसं नुसती तोंडं हलवतात."

पाद्री महिन्यातून एकदा यायचे. उरलेल्या रविवारी हानुस प्रवचन वाचायचा. आठवडाभर मेंढ्या आणि होडी, रविवारी काळा कोट. तो वाचायला लागला आणि सुन्नुवाने बेरीज मांडली. बंड्या, परकर, कोट, बाकावरच्या उशा, सगळं धरलं. हात सैल सोडला नाही, आखडलाही नाही.

उत्तर आलं पंधरा अंश.

तिने पुन्हा मांडलं. पंधराच. तिची स्वतःची पायाची बोटं बधिर झाली होती, ती तरी वेगळं काय सांगणार? तीन अंश म्हणजे थोडेथोडके नाहीत. आता हे हानुसकाकांना कसं सांगायचं, याचीच ती जुळवाजुळव करत राहिली. प्रवचन संपल्याची वेळ तिने सवयीने टिपली, पण त्यातला एक शब्दही तिच्या कानांत शिरला नव्हता.

एकदम सगळे उभे राहिले. हानुसने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. त्यात मारियुनचा मिसळला, मग मागच्या म्हाताऱ्यांचा. ऑर्गन नाही, टाळ नाही, घाई नाही. एकेक शब्द छातीतून ओढून काढायचा, वळवायचा, आळवायचा आणि मगच सोडायचा. कुणी पुढे गेलं तर थांबायचं, कुणी मागे राहिलं तर त्याला घेऊन जायचं. कडव्यामागून कडवं. देवाला कुठे जायची गडबड आहे, अशा बेताने ते गात होते. सुन्नुवाही उभी राहिली, आणि लहानपणी पाठ झालेले शब्द आपोआप तोंडात आले.

सहाव्या कडव्याला तिने मफलर सोडला. शेजारी पाहिलं तर मारियुनने कोटाचं वरचं बटण काढलं होतं.

सुन्नुवा गाता गाता थबकली. तिने तक्ता उलटून पाहिला. कपड्यांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना होता: माणूस काय करतो आहे. तिथे तिने कचेरीतूनच लिहून आणलं होतं, 'स्वस्थ बसून'. सभागृह, नाटकगृह, चर्च, सगळ्यांना एकच ओळ. आणि हे तिने लिहावं, अशाच एका गावात वाढलेल्या बाईने!

तिने घड्याळ पुढ्यात धरलं. वाचन झालं होतं बावीस मिनिटं. उभं राहून गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत भरलं एकेचाळीस. छाती भरून गाणारं अंग स्वतःच एक शेगडी असतं. तिने जुना आकडा खोडला आणि हिशेब पहिल्यापासून मांडला.

गाणं संपल्यावर माणसं बसली, पण दाराकडे कुणी गेलं नाही. हानुस तिच्या बाकाशी आला. "बोल पोरी."

"साडेबारा."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धा अंश कमी पडतो, हानुसकाका." तिचा आवाज बारीक झाला. "आधी पंधरा येत होते. तुमच्या गाण्यानं अडीच उतरवले. पण बारा असं खोटं मी लिहू शकत नाही."

"प्रार्थनेच्या जागी खोटं लिही म्हणून कोण सांगतंय तुला?" हानुस म्हणाला. त्याने पुस्तक उघडलं, जाड बोटाने पानं उलटली, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"अर्ध्या अंशाला आणखी किती कडवी लागतील, तेवढं सांग."

सुन्नुवाने पेन्सिल उचलली. तिचा आकडा निघायच्या आत मारियुन बाकाला धरून उभी राहिली होती.