खुन्याचं नाव

रहस्यकथामालिकेचा दहावा भाग तिने वाचनालयाच्या टेबलावर आदळला. "पहिल्या तीन भागांनी जीव टांगणीला लावला होता. आता पहिल्याच पानाला जांभई येते. मेला लेखक पार आटलाय!"

ग्रंथपाल बाई गोंधळल्या. "अहो, याच्यासाठी तर इथे नंबर लागतात. शेवटच्या पानापर्यंत खुनी कळत नाही म्हणे."

"मला तर पुस्तक उघडायच्या आधीच..." बोलता बोलता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

घरात कार्ड एकच, नवऱ्याच्या नावाचं. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे चौथ्या भागापासून, पुस्तक आधी तो वाचायचा आणि चहा पिताना खुन्याचं नाव सांगून मोकळा व्हायचा. वर म्हणायचा, "तुझं डोकं शिणायला नको." आणि ती शिव्या घालत होती बिचाऱ्या लेखकाला!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं, अकरावा भाग उचलला आणि दोन दिवस स्वयंपाकाला हात न लावता संपवला.

तिसऱ्या दिवशी नवरा चष्मा पुसून तोच भाग उघडून बसला. तिने पुढ्यात चहा ठेवला.

"खून डॉक्टरनं केलाय. तुमचं डोकं शिणायला नको."