गार

“चैत्रात काकांचं रक्त तपासायला मुंबईला नेलंत, तेव्हा गार नेलं होतं ना?” डॉक्टर मटिल्डाबाईंनी ओट्याखाली उतरून भालचंद्रला हळूच विचारलं. त्याच्या वडिलांचा नवा रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

“एकदम गार,” भालचंद्र म्हणाला. “केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळून, विड्याच्या पानांच्या करंडीत, मधोमध. वाटेत पाणीपण शिंपडलं.”

मटिल्डाबाई पायरीवर मटकन बसल्या.

होळी गावातल्या पानवाडीवाल्याला गार म्हणजे काय, हे का कोणी शिकवायचं? पानं सोपटात बांधली की दुसऱ्या दिवशीही आत्ता खुडल्यासारखी निघतात. बाईंच्या मनात होता बर्फ. तोंडातून मात्र ‘गार न्या’ एवढंच निघालं होतं.

“प्रोस्टेटच्या ग्रंथीतून एक प्रथिन पाझरतं,” त्या म्हणाल्या. “तिथला कॅन्सर हाडांत उतरला की ते रक्तात वाढतं. पण भारी नाजूक असतं. बर्फाबाहेर राहिलं की काही तासांत त्याचं बळ जातं, तपासणीत दिसतच नाही. या वेळी मुंबईतच रक्त काढलं, तर आकडा भलताच आला.”

“म्हणजे तेव्हाचं ‘काही नाही’...”

“तेव्हाही होतंच. तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर मणका दबला नसता, काकांचे पाय बहुतेक वाचले असते. मी बर्फ म्हणायला हवं होतं हो, भालचंद्रभाऊ.”

त्या ‘काही नाही’वर घरात पुरणपोळी झाली होती. कंबर दुखते ती वाडीत वाकून वाकून, असं म्हणत पावसाळाभर सगळ्यांनी आळीपाळीने तेल चोळलं. आता खरा रिपोर्ट आला, तो वरातीमागून घोडं. भालचंद्रला रडू येत होतं, पण रडलं तर वर ओट्यावर वडिलांना ऐकू गेलं असतं.

“सोपटाचं सुचलं कोणाला?” बाईंनी विचारलं.

“मला. मीच बांधलं,” तो घाईने म्हणाला.

ओट्यावरच्या खाटेवर नरहरी पडून होते. परवापासून पाय हलत नव्हते. कान मात्र तिखट. एवढं शेवटचं त्यांनी बरोबर टिपलं.

“खोटं बोलतोय तो, बाई! याला अजून सोपटाची गाठ मारता येत नाय. माझं रक्त, मीच बांधून दिलं. जन्मात माझ्या करंडीतलं पान कोमेजलं नाय. सांग रे, गार पोचलं का नाय?”

भालचंद्र ओट्यावर चढला.

“पोचलं, बाबा. गारच पोचलं.”

“मग!” नरहरी खूश झाले. त्यांनी हाताने आपली मांडी चाचपली. “हे पायच तेवढे गार लागतात रे हाताला. घोंगडी टाक जरा.”