मेजाचं उत्तर टोक

“तुम्ही मेजाच्या दक्षिण टोकाला उभे राहिलात. हो की नाही, मि. पास्क?”

“राहिलो, सर.”

प्रिन्सिपॉल थ्रेलफॉल यांनी डोळे मिटले. कौन्सिलच्या नऊ म्हाताऱ्यांनीही मिटले. खुनाचा कबुलीजबाब त्यांनी उघड्या डोळ्यांनी ऐकला असता.

प्रभुभोजनाच्या वेळी पाळकानं मेजाच्या उत्तर बाजूला उभं राहावं, असं प्रार्थनापुस्तकात छापलेलं आहे. लोकांकडे पाठ करून मधोमध उभा राहील तो रोमच्या, म्हणजे कॅथलिकांच्या, वाटेला लागलेला, आणि उत्तर टोकाला उभा राहील तो आपला. इतकं सरळ आहे ते. पाळक तयार करणारं आमचं हार्थवेट कॉलेज निघालंच मुळी या टोकापायी. संस्थापकांनी त्यावर दोनशे पानं लिहिली, तीन विद्यार्थ्यांना काढून टाकलं आणि सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. आणि आता साठ वर्षांनी, आफ्रिकेच्या मिशनमधून नुकताच आलेला हा अध्यापक कॉलेजच्या चॅपेलमध्ये भर उपासनेत पलीकडच्या टोकाला जाऊन उभा! पुढच्या बाकावरच्या एका बाईंना म्हणे भोवळच आली.

शिक्षा काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर कॉलेजचं घरही. बाहेर जिन्यावर पास्कची बायको डोर्कस दोन मुलींना मांडीशी घेऊन बसली होती. सकाळी तिनं अर्धी भांडी बांधूनही टाकली होती. बांधून न्यायची कुठं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी इंग्लंडातल्या आमच्या लँकेशायरच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. काढून टाकलेल्या पाळकाला कोण विचारतो?

“एक मिनिट, सर.” ग्रंथपाल एन्टविसल उठले. कॉलेजचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे होतं आणि गेली बारा वर्षं ते तो लिहीतच होते. त्यांनी एक पिवळा पडलेला नकाशा टेबलावर पसरला. “कुठल्याही चॅपेलमध्ये मेज पूर्वेला असतं. आपलं पश्चिमेला आहे.”

“काहीतरीच काय!”

“मूळ नकाशात पूर्वेलाच होतं. पण मग दरवाजा रस्त्यापलीकडच्या रोमन चर्चसमोर येत होता. संस्थापक म्हणाले, रोज सकाळी दार उघडून त्यांचं तोंड मी बघणार नाही. बांधणाऱ्यानं अख्खं चॅपेल फिरवलं. पूर्वेकडे तोंड केलं की मेजाचं डावं टोक ते उत्तर टोक, ही सवय मात्र कोणी फिरवली नाही.”

“म्हणजे साठ वर्षं आपण...”

“दक्षिणेला उभे आहोत, सर.”

“आणि सूर्यावरून कोणाच्या लक्षात आलं नाही?”

“सूर्य, सर? लँकेशायरच्या ढगांत?”

कौन्सिलवर एक निवृत्त कप्तान होते. त्यांच्या घड्याळाच्या साखळीला होकायंत्र होतं. सगळी मंडळी चॅपेलमध्ये गेली. कप्तानांनी होकायंत्र तीनदा हलवलं, एकदा त्यावर टिचकीही मारली. काटा काही ऐकेना.

परत आले ते सगळे वेगळ्याच तोंडानं. नऊच्या नऊ म्हातारे पास्ककडे असे बघायला लागले की त्या बिचाऱ्याला संकोच वाटला.

“आफ्रिकेच्या रानात राहिलेला माणूस,” कप्तान म्हणाले. “दिशा अंगातच मुरलेली असणार!”

“साठ वर्षांत एकानं तरी प्रार्थनापुस्तक पाळलं म्हणायचं,” दुसरे कोणी म्हणाले. उपप्राचार्यांची जागा रिकामी होती. ती पास्कलाच द्यावी, असं तिसऱ्यांनी सुचवलं आणि कोणीही हरकत घेतली नाही. बाहेर डोर्कसला चहा गेला, मुलींना बिस्किटं गेली. भांडी सोडा, असा निरोपही गेला. ती रडायलाच लागली. एन्टविसल तर मनातल्या मनात इतिहासाचं शेवटचं प्रकरण लिहू लागले होते. बारा वर्षं शोधत होते तो नायक एकदाचा सापडला, याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

प्रिन्सिपॉल साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पास्कचा हात हातात घेतला.

“सांगा तरी, बाबा. आत पाऊल टाकल्याबरोबर तुम्हाला उत्तर दिशा कळली कशी?”

प्रिन्सिपॉलांच्या मागून एन्टविसल जोरजोरात मान हलवत होते. गप्प बसा, काहीही सांगू नका! पास्कनं ते पाहिलं. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि आता तर सगळे आपलेच झाले होते.

“मला काहीच कळलं नव्हतं, सर. मला मलेरिया आहे. त्या दिवशी थंडी भरून आली होती आणि गरम पाण्याचा पाइप त्या टोकाला आहे. म्हणून तिकडे गेलो.” तो मोकळेपणानं हसला. “आणि खरं सांगू का? आपण या टोकाला उभे राहिलो काय, त्या टोकाला काय, देवाला त्याचं काय पडलंय?”

कोणीतरी कप बशीत ठेवला. प्रिन्सिपॉल साहेबांनी पास्कचा हात हळूच सोडला.

“संस्थापक चुकीच्या टोकाला उभे होते, मि. पास्क, पण श्रद्धेनं उभे होते,” ते म्हणाले. “तुम्ही बरोबर टोकाला उभे राहिलात, पण उबेसाठी. महिनाअखेरपर्यंत घर रिकामं करा.”