रिकाम्या चमच्याचा सराव

"बोला डॉक्टरीणबाई, मी जगतो की मरतो?" क्लिफर्ड ऑग्डेनने विचारले आणि पोटावर हात बांधून तो खुर्चीत रेलला.

इहसान समोर ताठ उभी होती. "आपण आपल्या ज्येष्ठ पुत्रास बोलवावे," ती म्हणाली. "मी त्यांच्याशी बोलेन."

"नापास."

मागच्या बाकावरचा रेबीन न्हावी खदखदून हसला. "उस्ताद, बिचारा पेशंट मरायच्या आधी पोराला तरी भेटेल."

हडर्सफील्डच्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर बुधवारी सकाळी हा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरे. क्लिफर्डने चाळीस वर्षे बस चालवली होती. बस सुटली तरी बोलणे सुटेना, म्हणून तो इथे फुकट शिकवायला येई. व्याकरण त्याला स्वतःलाच येत नव्हते, पण तीन महिन्यांत माणूस दुकानात भांडण्याइतका तयार होई.

इहसान त्याची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी. खार्टूममध्ये वीस वर्षे छातीच्या रोगांची डॉक्टर, इथे लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. तोंडी परीक्षा पास झाली की पुन्हा डॉक्टर. एकदा ती आपटली होती, ती नेमकी याच प्रसंगावर. पेशंटला वाईट बातमी सांगायची होती आणि तिच्याकडे तशी रीतच नव्हती. तिकडे मुलाला सांगतात, भावाला सांगतात, पेशंटच्या कानावर जाऊ देत नाहीत.

पण मेहनत केवढी. दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी हजर. आल्या आल्या प्रश्न.

"उस्ताद, आपल्या घरी कोण असते?"

"मांजर."

"आपणास बंधू?"

"होता एक. गेला."

"पुतण्या? भाचा?"

"कोणी नाही. बायको, एड्ना, गेल्यापासून मी आणि मांजर."

बाईने नात्यांचे सगळे शब्द घोकलेत, या विचाराने क्लिफर्डचा ऊर भरून आला. "बघ, शीक जरा," तो रेबीनला म्हणाला. "तुला अजून मावशी आणि सासू यांतला फरक सांगता येत नाही."

"फरक आहे?" रेबीन म्हणाला.

एकच गोष्ट होती. ती क्लिफर्डच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघे. तिकडच्या बायका परक्या पुरुषाच्या डोळ्यांत बघत नसतील, असे त्याने ठरवून टाकले. बाईची पंचाईत नको म्हणून तो दोन्ही हात टेबलावर नीट पसरून ठेवू लागला.

एका बुधवारी तिने खेळ काढला. दोन्ही तर्जन्यांची नखे एकमेकांना चिकटवायची आणि मधून खिडकीकडे बघायचे. रेबीनच्या नखांमध्ये उजेडाचा बारीक चौकोन दिसला. क्लिफर्डने बोटे फिरवून पाहिली, डोळा मिचकावून पाहिला. त्याच्या बोटांच्या फुगीर टोकांमधून उजेडाचा ठिपकाही येईना.

"उस्ताद हरले," रेबीन म्हणाला.

क्लिफर्ड हसता हसता खोकला. इहसान हसली नाही; खोकला थांबेपर्यंत ती त्याच्या नखांकडेच बघत राहिली. हरलेल्याला हसू नये अशीही तिकडे रीत असणार.

"आपण डॉक्टरांना भेटलात का?" तिने विचारले.

"धूळ आहे हॉलची. बाकी तक्रारीला जागा नाही." मग त्याला धडा सुचला. "हे लिहून घे. आमच्याकडे पाय मोडलेला माणूसही हेच म्हणतो. असं कोणी म्हणालं की विश्वास ठेवायचा नाही."

तिने लिहून घेतले. दोनदा अधोरेखित केले.

"आणि तो डॉक्टरकडे जातच नसेल तर?" तिने विचारले. "त्याचे कोणीच नसेल, तर कोणाला सांगायचे?"

"त्यालाच."

मग क्लिफर्डने तिला ते शिकवले, जे कुठल्या पुस्तकात नव्हते. एड्ना गेली त्या दुपारी एका नर्सने त्याला जसे सांगितले होते, तसे. आधी दार लावायचे. समोर बसायचे नाही, खुर्ची शेजारी ओढायची. चहा द्यायचा. त्यात न विचारता दोन चमचे साखर घालायची, तो साखर घेत असो वा नसो. धक्का सोसायला गोड लागते. दोन घोट होऊ द्यायचे. मग खरा शब्द उच्चारायचा. आडवळण नको.

"त्या दिवसापासून मी चहात साखर घेतलेली नाही," तो म्हणाला. "त्यामुळे सरावाला रिकामा चमचा फिरव. उगाच माझा चहा बिघडवू नकोस."

ती मान हलवून दार लावायला गेली.

पुढचे दोन महिने हॉलमध्ये दारे लागत होती, खुर्च्या ओढल्या जात होत्या, रिकामे चमचे वाजत होते. रेबीन म्हणाला, सरावात उस्ताद इतक्यांदा मेले की मांजराने दुसरे घर बघायला हवे. बुधवारागणिक इहसानचा पुस्तकी ताठा गळत गेला. शेवटी ती इतकी हळुवार बोलली, की काहीही झालेले नसताना क्लिफर्डने खिशातून रुमाल काढला.

ती पास झाली. निकालाच्या बुधवारी रेबीनने बकलावा मिठाईचा डबा आणला, उस्तादांच्या नावाने टाळ्या वाजवल्या आणि तो दुकान उघडायला पळाला. बाकीचे पांगले. क्लिफर्ड खुर्च्या रचू लागला.

"उस्ताद, बसा ना जरा," इहसान म्हणाली. "एकदा पुन्हा करू."

"अगं, आता कशाला? जिंकलीस तू."

"माझ्यासाठी."

तिने जाऊन दार लावले. खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. चहा ओतला, पाठमोरी होऊन चमचा फिरवला आणि कप त्याच्या हातात दिला. अगदी शिकवले होते तसे, कुठे घाई नाही. चाळीस वर्षांत आपण इतक्या माणसांना इतक्या ठिकाणी पोचवले, क्लिफर्डला वाटले, पण असे कोणाला नाही.

"झकास," तो म्हणाला. "आज पेशंट कोण?"

इहसानने पहिल्यांदाच त्याच्या हातांवरून नजर काढली आणि सरळ डोळ्यांत पाहिले. "आधी दोन घोट घ्या," ती म्हणाली.

त्याने हसत कप ओठाला लावला.

चहा गोड होता.