लाल रबर

तिच्या डाव्या मनगटावर रंगीबेरंगी रबरबँड असत, त्यांचे वळही उठलेले. प्रत्येक रंग म्हणजे एक काम. काम झालं की रबर उजव्या हातात जायचं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘ताईंच्या बांगड्या’ म्हणत. आज हात धुताना तिने सगळी रबरं काढून ठेवली, तेवढ्यात सहकाऱ्याने गमतीत लाल रबर उचलून आपल्या डब्याला लावलं. लाल म्हणजे भट्टी बंद करणं. मनगटावर लाल दिसेना, तशी भट्टी डोक्यातून साफ गेली. नमुन्यांचा कोळसा झाला. “लक्ष कुठे असतं तुमचं?” साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. “ताईंची एक बांगडी हरवली,” सहकारी डबा दाखवत हसला. एरवी ती ‘चुकलं’ म्हणून मान खाली घालायची. डॉक्टरांचं निदानही तिने आजवर लपवलं होतं. आता तिने डब्यावरचं रबर हिसकावून मनगटावर चढवलं. “लक्ष या रबरांवर असतं, साहेब. मला एडीएचडी आहे.”